कॉम्प्युटरला अँटिव्हायरस आहे का? ज्येष्ठांना हे बघायला कसं शिकवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्येष्ठ नागरिक संघात साठी-सत्तरीच्या मंडळींना कॉम्प्युटर शिकवताना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "माझ्यात अँटिव्हायरस आहे का हो?" कुणाचा लॅपटॉप मुलाने वापरून दिलेला, कुणाचं मशीन गल्लीतल्या दुकानात असेंबल केलेलं, विंडोजही प्रत्येकाचं वेगळं. हे त्यांचं त्यांना तपासता येईल असं कसं शिकवायचं?

"आहे का" याचं उत्तर बहुतेक वेळा "आहे" असंच निघतं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजबरोबरच येतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत आणि तो इन्स्टॉलही करावा लागत नाही. म्हणून तपासायचं ते वेगळं. आत्ता पहाऱ्यावर कोण आहे? तो जागा आहे का? त्याची माहिती ताजी आहे का? आणि त्याला कुणी "इकडे बघू नकोस" असं सांगून ठेवलंय का? हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, पण आपल्याकडचा घोळ बऱ्याचदा तिथेच असतो.

आधी विंडोज कोणतं ते बघून घ्या. कीबोर्डवर खाली डावीकडे चार चौकोनांची की असते, ती दाबून धरायची आणि आर दाबायचं. छोटी चौकट उघडते. तिच्यात विन्व्हर, म्हणजे डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर, असं टाइप करून एंटर. समोर येणाऱ्या विंडोत विंडोज १० की ११ ते मोठ्या अक्षरांत दिसतं. हे वहीत लिहून ठेवायला सांगा, कारण पुढच्या सगळ्या चौकशीत दुरुस्तीवाला पहिलं हेच विचारतो.

आता मुख्य काम. विंडोजची की एकदा दाबून सोडायची आणि कुठेही क्लिक न करता सरळ टाइप करायचं: विंडोज, स्पेस, मग सिक्युरिटीची पहिली तीन अक्षरं एस, ई, सी. वर 'विंडोज सिक्युरिटी' हे नाव आणि निळी ढाल येते. इथे एक जागा चुकते. शोधाच्या यादीत खाली इंटरनेटवरचे निकालही दिसतात आणि नवशिका माणूस हमखास त्यावर क्लिक करतो. ज्या नावाखाली 'ॲप' असं लिहिलंय तेच उघडायचं, हे त्यांच्या बोटाने दाखवून घ्या. ब्राउझरमध्ये "अँटिव्हायरस आहे का" असं शोधायला मात्र अजिबात लावू नका. तिथे वरच्या ओळींत जाहिराती असतात, आणि "तुमचा कॉम्प्युटर मोफत तपासा" म्हणणाऱ्या प्रोग्रॅमना दरवेळी काही ना काही सापडतंच.

घड्याळाजवळ, म्हणजे उजव्या कोपऱ्यात खाली, तीच ढाल लहान आकारात असते. दिसत नसेल तर तिथल्या वर टोक असलेल्या बाणावर क्लिक केलं की आत लपलेली चिन्हं बाहेर येतात. पण ज्यांना बारीक दिसत नाही त्यांना हा रस्ता शिकवू नका. ते चिन्ह तांदळाच्या दाण्याएवढं आणि त्यावरची हिरवी खूण त्याहून बारीक. त्यापेक्षा वर्ग सुरू होण्याआधीच अक्षरं मोठी करून द्या. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'ॲक्सेसिबिलिटी', मग 'टेक्स्ट साइझ'; विंडोज १० मध्ये हेच 'ईझ ऑफ ॲक्सेस'मध्ये 'डिस्प्ले'खाली सापडतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याने अर्धी भीती जाते.

विंडोज सिक्युरिटी उघडली की घरातल्या दिव्यांच्या बोर्डासारखी चिन्हं ओळीने दिसतात. आपल्याला पहिलंच हवं: 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'. हिरवी खूण असेल तर ठीक. लाल फुली असेल तर खरोखर काहीतरी बंद आहे. पिवळ्या त्रिकोणाने मात्र घाबरायचं कारण नाही. बऱ्याचदा तो "वनड्राइव्ह जोडा" किंवा "मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा" एवढंच सांगत असतो. वाचायचं, नको असेल तर खालच्या 'डिसमिस'वर क्लिक करायचं. पिवळं दिसलं म्हणून रात्रभर झोप न येणारे आजोबा प्रत्येक वर्गात एक तरी असतात. हा फरक त्यांना पहिल्या दिवशीच सांगा.

पहाऱ्यावर कोण आहे ते याच पानावर कळतं. खाली सरकत गेलं की किंवा रुंद स्क्रीनवर उजव्या बाजूला 'हूज प्रोटेक्टिंग मी?' असं विचारलेलं दिसतं आणि त्याखाली 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. त्यावर क्लिक केलं की 'अँटिव्हायरस' या मथळ्याखाली नावं येतात. प्रत्येक नावापुढे 'टर्न्ड ऑन' की 'टर्न्ड ऑफ' ते लिहिलेलं असतं. एक चालू हवा. इथे शिकवणाऱ्याचीच चूक होते ती अशी: दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस चालू असेल तर डिफेंडर आपणहून बाजूला होतो आणि त्याच्यापुढे 'ऑफ' दिसतं. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. तो जबरदस्तीने चालू करण्याच्या नादात दुसऱ्याचं काही बिघडवू नका. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवले तर दोघंही प्रत्येक फाइल उघडून बघतात, एकमेकांवर संशय घेतात आणि चार जीबी रॅमचं जुनं मशीन गुडघे टेकतं.

महाराष्ट्रात यादीत दुसरं नाव बऱ्याच घरांत क्विक हीलचं निघेल. कंपनी पुण्याची, १९९५ पासूनची, आणि डबा कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो. पण डबा कपाटात असणं म्हणजे संरक्षण असणं नव्हे. आतल्या कार्डावरची २० अक्षर-आकड्यांची की टाकून, नेट जोडून तो सुरू केलेला असला पाहिजे. मुदत बघायची ती बिलावर किंवा डब्यावर नाही. प्रोग्रॅम उघडून 'हेल्प'मधल्या 'अबाउट'वर क्लिक करायचं, तिथली तारीख खरी. दुसऱ्या कंपन्यांच्या प्रोग्रॅममध्ये हीच माहिती 'सबस्क्रिप्शन' किंवा 'माय अकाउंट' अशा नावाखाली असते.

नव्या लॅपटॉपमध्ये दुकानातूनच एखादा अँटिव्हायरस घालून येतो, मोफत मुदतीचा. ती महिन्याची असेल, वर्षाची असेल, पण संपते. मग तो रोज "रिन्यू करा" म्हणून खिडकी वाजवत बसतो. अशा वेळी मार्ग दोन. पैसे भरून चालू ठेवायचा, नाहीतर काढून टाकायचा. घरात बँकेचं काम, रेल्वेचं तिकीट, फोटो आणि नातवंडांशी बोलणं एवढंच होत असेल तर माझं मत दुसऱ्या मार्गाला. अपडेट होत असलेला डिफेंडर त्या कामाला पुरतो. काढताना 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'इन्स्टॉल्ड ॲप्स' (विंडोज १० मध्ये 'ॲप्स अँड फीचर्स'), त्या नावावर 'अनइन्स्टॉल', मग रीस्टार्ट. डिफेंडर आपोआप जागेवर येतो. आलाच असेल असं धरून न चालता पुन्हा 'मॅनेज प्रोव्हायडर्स' उघडून बघा. जुन्याचे तुकडे मागे राहिले असतील तर यादीत त्याचं नाव भुतासारखं दिसत राहतं आणि डिफेंडर बिचारा बाहेर थांबतो. अशा वेळी त्याच कंपनीचं 'रिमूव्हल टूल' वापरावं लागतं. तेही तिच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावं.

पुढची गोष्ट ताजेपणाची. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन अपडेट्स' या शीर्षकाखाली 'लास्ट अपडेट' आणि तारीख-वेळ असते. नवीन व्हायरसची ओळख सांगणारे हे अपडेट दिवसातून अनेकदा निघतात, म्हणून नेटला जोडलेल्या मशीनवर तारीख आजची किंवा कालची हवी. चार महिने अमेरिकेत मुलीकडे राहून आलेल्या काकूंच्या लॅपटॉपवर जुनी तारीख दिसणारच. नेट लावून 'चेक फॉर अपडेट्स' दाबायचं आणि चहा घेऊन यायचं. त्याआधी मेल, पेनड्राइव्ह काही उघडायचं नाही.

अपडेट होतच नसेल तर आधी घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपवर कोपऱ्यातली तारीख मधूनच कुठल्या तरी जुन्या सालाची झालेली असते. कारण मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटणासारखा सेल संपलेला असतो, आणि मेन स्विच बंद केला की मशीन दिवस विसरतं. तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडत नाहीत, अपडेट अडतात, आणि विकतचा अँटिव्हायरस लायसन्सबद्दल तक्रार करू लागतो. लोक याला व्हायरस समजून फॉरमॅट मारतात. इलाज मात्र किराणा दुकानातही मिळणाऱ्या एका सेलचा असतो.

आता आपल्याकडच्या घोळाकडे येऊ. हिरवी खूण आहे, अपडेट आजचं आहे, तरी मशीन उघडं असू शकतं. असेंबल्ड मशीनवर चोरीचं विंडोज किंवा क्रॅक केलेलं ऑफिस टाकताना डिफेंडर ओरडतो, कारण ती क्रॅक म्हणजे त्याच्या लेखी घातक फाइलच. मग दुरुस्तीवाला त्याला एकतर बंद करतो, नाहीतर 'एक्स्क्लूजन' देतो, म्हणजे अमुक फोल्डरकडे बघायचंच नाही असा हुकूम. घाईत अख्खी सी ड्राइव्ह त्या यादीत टाकलेली असते. वॉचमन गेटवर ताठ उभा, पण मागचं दार उघडं आणि तिकडे मान वळवायची नाही अशी त्याला ताकीद. हिरव्या खुणेवर या यादीचा काहीच परिणाम होत नाही.

बघायचं असं: त्याच पानावर 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन सेटिंग्ज'खाली 'मॅनेज सेटिंग्ज'. आत पहिलं बटण 'रिअल-टाइम प्रोटेक्शन', ते 'ऑन' हवं. जवळच 'टॅम्पर प्रोटेक्शन', म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला या सेटिंग परस्पर बदलू न देणारं बटण, तेही 'ऑन'. पान अगदी खालपर्यंत सरकवलं की 'एक्स्क्लूजन्स' आणि 'ॲड ऑर रिमूव्ह एक्स्क्लूजन्स'. परवानगी विचारली तर 'येस'. घरगुती मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. काही असेल तर आधी मोबाइलवर फोटो काढा, मग त्या ओळीवर क्लिक करून 'रिमूव्ह'. त्यानंतर 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'फुल स्कॅन' लावा. जुन्या हार्ड डिस्कवर याला काही तास लागतात, म्हणून तो वर्गात नको. दुपारी जेवण झाल्यावर, लॅपटॉप चार्जरला लावून.

या सेटिंग करड्या रंगाच्या दिसत असतील आणि वर "हे तुमचा ॲडमिनिस्ट्रेटर सांभाळतो" अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल तर थांबा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते बरोबर आहे. पण निवृत्त शिक्षकांच्या घरच्या मशीनला कुठला ॲडमिनिस्ट्रेटर? तिथे एकतर कुणीतरी आतून डिफेंडर बंद करून ठेवलाय, नाहीतर एखाद्या घातक प्रोग्रॅमने. बटणांशी झटापट करण्यात अर्थ नाही. कागदपत्रं, फोटो बाहेरच्या डिस्कवर घेऊन विंडोज नव्याने, अधिकृत टाकून घ्यावं. बँकेचं काम तोवर त्या मशीनवर बंद.

खोट्या इशाऱ्यांवर मात्र अख्खा एक तास द्या. खरा धोका ज्येष्ठांना बऱ्याचदा इथेच असतो. उजव्या कोपऱ्यातून चौकट सरकत येते: "पाच व्हायरस सापडले, तुमचं सबस्क्रिप्शन संपलं." नाव प्रसिद्ध कंपनीचं, लोगोही तसाच. नीट बघितलं तर चौकटीत ब्राउझरचं चिन्ह आणि बारीक अक्षरांत कुठल्यातरी अनोळखी साइटचं नाव असतं. कधीतरी बातमी वाचताना "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा" म्हणून विचारलं गेलं आणि दाबलं गेलं, त्याची ही फळं. क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते. ओळखीची नसेल ती काढून टाका. व्हायरस काढायची गरजच नसते, चौकटी लगेच थांबतात.

दुसरा प्रकार स्क्रीनभर पसरणारा. भोंगा वाजतो, इंग्रजीत एक बाई सूचना देते, आणि मधोमध फोन नंबर. एक नियम पाठ करून घ्या: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ते खोटं, पुढचं वाचायचंही नाही. एस्केप की दाबून धरायची. नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ-४. तेही चालेना तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर 'रिस्टोअर' विचारेल, त्याला नाही म्हणायचं. कुणी फोन लावून बसलंच असेल आणि समोरच्याच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखा, म्हणजे दुसऱ्याला आपला कॉम्प्युटर दुरून चालवू देणारा, प्रोग्रॅम घेतला असेल तर आधी नेट तोडायचं, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं. पैसे गेले असतील तर इथे मिनिटं मोजली जातात. "उद्या मुलगा आला की बघू" असं करू नये.

खरा इशारा कसा दिसतो हे दाखवता येतं. आयकार नावाच्या संस्थेची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल असते. सगळे अँटिव्हायरस ती मुद्दाम पकडतात. ती त्याच संस्थेच्या साइटवरून स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवायचा प्रयत्न करा, वर्गाला प्रोजेक्टरवर बघू द्या. येणारी चौकट शांत असते, तिच्यावर विंडोज सिक्युरिटीचं नाव असतं, आणि ती कुणाला फोन करायला सांगत नाही. ज्येष्ठांच्या मशीनवर मात्र ही फाइल उतरवू नका. पुढे दोन आठवडे 'प्रोटेक्शन हिस्टरी'त ती नोंद बघून त्यांचे फोन येत राहतील.

त्या हिस्टरीबद्दलही सांगून ठेवा. 'क्वारंटाइन्ड' किंवा 'रिमूव्ह्ड' लिहिलेलं असेल तर चोर पकडला गेलाय, काही करायचं नाही. 'स्टार्ट ॲक्शन्स' असं बटण दिसलं तर ते दाबायचं. तीच नोंद पुन्हा पुन्हा येत असेल तर 'स्कॅन ऑप्शन्स'मधला ऑफलाइन स्कॅन घ्यायचा. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. उघडी कागदपत्रं आधी सेव्ह करायला सांगा.

विंडोज १० वाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. वाढीव योजनेत नोंदणी केलेल्या घरगुती मशीनना ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. डिफेंडरला व्हायरसची ओळख मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. म्हणजे ढाल हिरवी दिसेल, पण विंडोजमधली भोकं बुजवली जाणार नाहीत. ती खूण बघून निश्चिंत होऊ नये. विंडोज ७ असेल तर त्याचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० लाच संपला. त्यातला 'डिफेंडर' नावाचा प्रोग्रॅम फक्त स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्रॅम, बघायचा, पूर्ण अँटिव्हायरस नव्हता. त्यावर पत्ते खेळा, जुने फोटो बघा, पण ओटीपी लागेल असं काहीही करू नका. मॅक असेल तर त्याचं स्वतःचं संरक्षण, एक्सप्रोटेक्ट, आतच चालतं, उघडून बघायला विंडो नसते. 'सॉफ्टवेअर अपडेट'मध्ये आपोआप अपडेट चालू आहेत का एवढं बघा.

शिकवताना माऊस तुम्ही हातात घेऊ नका. "काकू, उजवीकडे... थोडं खाली... हां, तिथेच, एकदाच," असं बोलत राहा. या सगळ्या तपासणीत कुठेही डबल क्लिक लागत नाही, हात थरथरणाऱ्यांना ते आधीच सांगा. वहीचं एक पान असं करून द्या, दोन ओळींमध्ये जागा सोडून:

आजची तारीख –
विंडोज कितवं –
पहाऱ्यावर कोण –
लास्ट अपडेट –
एक्स्क्लूजन: रिकामं / काहीतरी आहे

लाइट बिल भरायच्या दिवशी हे पान महिन्यातून एकदा भरायचं. एखाद्या महिन्यात पहाऱ्यावरचं नाव बदललेलं दिसलं तर ते कुणी आणि का बदललं, एवढा प्रश्न घरात विचारला गेला तरी वही सार्थकी लागली. आणि वर्गात नोट्स वाटायला एकच पेनड्राइव्ह दहा मशीनना फिरवू नका. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला शॉर्टकट व्हायरस, ज्यात सगळ्या फोल्डरांची शॉर्टकट होऊन बसतात, तो याच वाटेने पसरतो. लावलाच तर उघडण्याआधी त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' निवडायचं. ते दिसत नसेल तर 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत बघायचं.